वरचे काका खाली येतात

वरच्या काकांना खालच्या माणसांनी कधी नीट पाहिलेलंच नव्हतं. सकाळी बाकीचे कामावर यायच्या आत ते शिडी चढून गेलेले असत, आणि संध्याकाळी सगळे हातपाय धुवून घराकडे वळले की मग सावकाश उतरत. मधला सगळा दिवस ते उंच क्रेनच्या माथ्याशी असलेल्या काचेच्या खोलीत. खोली म्हणायची आपली पद्धत. एक खुर्ची, दोन लिव्हर आणि भोवती काच, एवढाच तो संसार. पाय लांब करायचे तर दार उघडावं लागे, आणि दाराबाहेर नुसती हवा.

त्यांच्या बरोबर खाली, जमिनीवर, खालचे मामा. हातवारे करायचे, वॉकीटॉकीवर बोलायचं, काकांना न दिसणारा कोपरा आपल्या डोळ्यांनी दाखवायचा, हे मामांचं काम. "डावीकडे घ्या. अजून. अजून थोडं. बास म्हटलं ना!" अशी यांची दिवसभराची गुजगोष्ट. जोडी जुनी होती, त्यामुळे दोघांचं एकमेकांवाचून चालत नसे आणि पटतही नसे.

काकांचा हात मात्र असा, की दुसऱ्या साइटवरचे लोक बघायला यायचे. सळ्यांचा भारा असो नाहीतर काँक्रीटने भरलेली बादली असो, काका ती अशी टेकवत की खाली उभ्या माणसाला आवाजसुद्धा यायचा नाही. उचलायचं काय, ते यंत्र उचलतं, असं ते म्हणत. खरी परीक्षा ठेवताना. कुणी कपबशी टेबलावर आपटली तरी काकांच्या कपाळाला आठी पडायची, आणि घरात कपबश्या आपटणारी व्यक्ती एकच असल्यामुळे ती आठी कुणासाठी हे सांगायला नको.

तर असे हे काका देवाशी बोलायचे.

आता देवाशी बोलणारी माणसं आपण काही कमी पाहिलेली नाहीत. त्यातल्या नव्वद टक्क्यांचं बोलणं म्हणजे अर्ज असतो. हे दे, ते काढून घे, शेजाऱ्याला दिलंस तेच मलाही दे, आणि जमल्यास थोडं मोठं दे. काकांचं तसं नव्हतं. त्यांचं देवाकडे काही कामच नसायचं. त्यांची सुरुवातच वेगळी झाली होती.

क्रेनवर नवे होते तेव्हाची गोष्ट. थंडीचे दिवस, सकाळी दाट धुकं. शिडीचा पुढचा दांडासुद्धा दिसत नव्हता. जीव मुठीत धरून ते चढत राहिले, आणि एकाएकी डोकं धुक्याच्या वर निघालं. वर लख्ख ऊन. खाली सगळं गाव पांढऱ्या धुक्यात बुडालेलं, आणि पलीकडून सूर्य वर येत होता, घाई नाही, हिसका नाही. काकांच्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "वा! काय उचललास रे!"

बोलून झाल्यावर ते चपापले. आसपास तर कुणी नव्हतं. मग दाद दिली कुणाला? दाद द्यायची तर ती घेणारा कुणीतरी समोर हवा. काकांनी थोडा विचार केला आणि ठरवलं की तो आहे. इतकं साधं. मोठमोठ्या माणसांना ज्याच्यासाठी ग्रंथ लागतात ते काकांनी शिडीवर लोंबकळत, एका हातात डबा धरून उरकून टाकलं.

तेव्हापासून ते बोलणं सुरू झालं. एखाद्या कारागिराने दुसऱ्या कारागिराचं काम बघावं तसं काका देवाचं काम बघायचे. ढग दूरवर रिकामे होताना दिसले की म्हणायचे, "तिकडे गरज होती बरं का, बरं केलंस." संध्याकाळी सूर्य पार टेकला की म्हणायचे, "अलगद. धक्कासुद्धा नाही लागू दिलास." पलीकडच्या शाळेच्या मैदानात पोरं सुटली की त्यांना हसू यायचं आणि ते म्हणायचे, "ही एवढी पोरं, आणि दोन सारखी नाहीत. कंटाळा कसा येत नाही रे तुला?" जेवतानाही बोलणं चालूच. डबा मांडीवर, तोंडात घास, आणि घासाचीही तारीफ.

मागणं त्यांनी एकदाच केलं होतं. मुलगी दिवस भरायच्या आत जन्मली, तळहातावर मावेल एवढी. तिला हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि काका वर काचेच्या खोलीत. रजा मिळण्यासारखी नव्हती. वरून हॉस्पिटलची खिडक्यांची रांग दिसायची. काका लिव्हर हलवताना, डबा खाताना त्या खिडक्यांकडे बघून एवढंच म्हणत राहिले, "तिकडे लक्ष ठेव. माझा हात तिथे पोचत नाही." मुलगी वाचली. आज ती नवऱ्याला आणि बापाला एकाच दमात झापते. ती घरी आली त्या दिवशी काका वर जाऊन लहान मुलासारखे रडले होते, आणि त्यानंतर त्यांना देवाबद्दल जे वाटायचं ते नुसतं कौतुक राहिलं नव्हतं. ते प्रेम होतं.

बायकोला हे सगळं ठाऊक होतं. "माझ्याशी दोन वाक्यं, आणि त्याच्याशी दिवसभर," ती म्हणायची. "घरी येईस्तोवर तुमच्याकडचे शब्द संपतात की काय?" काका यावरही दोन वाक्यांच्या वर बोलत नसत.

मग एके सकाळी चप्पल घालायला वाकले आणि घर गरकन फिरलं. दोनचार दिवसांनी पुन्हा तेच. बायकोने हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "पाय जुळवा, डोळे मिटा, सरळ उभे राहा." काका उभे राहिले आणि सरळ डॉक्टरांच्या खांद्यावर गेले.

"कानातला तोल बिघडलाय," डॉक्टर त्यांना खुर्चीत बसवत म्हणाले. "तसं घाबरायचं कारण नाही. पण आता उंचावर चढायचं नाही. कायमचं."

"अहो, पण वर मी बसूनच असतो!"

"बसायला माझी ना नाही. खुर्ची फक्त जमिनीवर ठेवा."

साइटचे साहेब भला माणूस. त्यांनी काकांना घरी न पाठवता खाली मामांच्या जोडीला दिलं, कारण साइट आता दोन्ही अंगांनी वाढली होती आणि एका मामाचे डोळे पुरत नव्हते. वर नवी क्रेनवाली आली, मनगटाने भक्कम, बोलायला मोजकी. बायको खूश, मुलगी खूश, जावई खूश. मामा तर इतके खूश की पहिल्या दिवशी त्यांनी काकांना चहा पाजला, जे त्यांनी आजवर कुणासाठीच केलं नव्हतं. नाखूश एकटे काका, आणि का, ते कुणाला सांगायची सोय नव्हती. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर दिवस काढले, तो वर राहिला होता. आता तो कुठे भेटणार?

बोलून बघितलं त्यांनी. नाही असं नाही. पण खाली मिक्सर गरगरतोय, कटर किंचाळतोय, ट्रक पाठीमागे घेताना टीं टीं करतोय. तोंड उघडलं की आत धूळ. वर बघावं तर इमारतीने अर्धं आकाश खाल्लेलं, आणि उरलेल्या अर्ध्याकडे बघून "वा" म्हणावं तर मामा लगेच, "काय झालं? काय पडतंय वरून?" आणि सगळ्यांची पांगापांग.

मग काका घराच्या गच्चीवर जाऊ लागले. गच्ची पुरेशी उंच वाटेना म्हणून पाण्याच्या टाकीवर चढायला गेले. शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिने खाली धावत जाऊन काकूंना असं काही सांगितलं की काकू लाटणं हातात घेऊनच वर आल्या. डॉक्टरांनी चढू नका म्हटलेला माणूस टाकीच्या अर्ध्यावर! त्यानंतर गच्चीची किल्ली काकूंच्या कमरेला गेली.

मुलगी म्हणाली, "बाबा, प्रार्थनेच्या जागी जाऊन बसा ना." गेले. तिथे सगळे कसे शांत, डोळे मिटलेले. काकांनीही मिटले, आणि सवयीने खणखणीत आवाजात म्हणाले, "काय रे, कसं काय चाललंय?" पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. काकांनी चपला शोधल्या.

असे महिने गेले. काका गप्प झाले. मुळात दोन वाक्यांचा माणूस, तो एकावर आला. देव आपल्यावर रागावलाय असं त्यांना वाटत नव्हतं. त्याचा स्वभावच तसा नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पण त्याची आठवण येई. सकाळी शिडीजवळून जाताना तर अशी येई की पाय तिथेच थांबायचे. कधी कधी त्यांना नव्या क्रेनवालीचा हेवा वाटायचा. एकदा ती उतरली तेव्हा न राहवून त्यांनी विचारलंच, "काय, वर कसं वाटतं?"

"उकडतं, काका," ती रुमालाने मान पुसत म्हणाली. "साहेबांना सांगा ना, एक पंखा बसवायला."

काका तिच्याकडे बघतच राहिले. "आणखी काही नाही?"

"आणखी काय असणार? माश्याही येत नाहीत तिथे."

हे ऐकून त्यांना बरं वाटावं की वाईट, हेच त्यांना कळेना. 

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काका नेहमीसारखे फळ्यांच्या ढिगावर डबा उघडून बसले होते. शेजारी मामा. थोडं पलीकडे सळ्या बांधणारा दादा, दारातून आत यायला वाकावं लागेल एवढा धिप्पाड माणूस, पण तोंड उघडायचा ते जेवायला. तो एकदम म्हणाला, "काका, तुम्ही हल्ली जेवताना बोलत नाही."

"कुणाशी?"

"देवाशी."

मामांना ठसका लागला. तो बराच वेळ लागलेला राहिला. काकांनी त्यांना पाण्याची बाटली दिली आणि ती परत घेईपर्यंत त्यांच्याकडे एकटक बघितलं. "मामा?"

"आता हे बघा," मामा तोंड पुसत म्हणाले, "रागवायचं नाही. वॉकीटॉकी तुम्ही कुठे ठेवायचात जेवताना?"

"मांडीवर."

"आणि डबा?"

"त्याच्यावर. मांडीला चटका बसू नये म्हणून."

"झालं तर मग. डब्याच्या वजनाने बटण दाबलं जायचं. सगळं इकडे ऐकू यायचं."

काकांचा घास हातातच राहिला. "सगळं? इतकी वर्षं? आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"पहिल्या दिवशी सांगणारच होतो. पण हे सगळे म्हणाले, राहू दे, ऐकू दे. मग जेवायला सगळे माझ्याभोवतीच बसायला लागले. साहेबसुद्धा एखाद्या दिवशी यायचे. आता काकूंबद्दल काही निघालं की मी आवाज बारीक करायचो, तेवढी मला अक्कल आहे."

काका कानापर्यंत लाल झाले. मुलीसाठी हॉस्पिटलच्या खिडक्यांकडे बघून बोलले होते, तेही? त्यांनी विचारलं नाही आणि मामांनी सांगितलं नाही, पण मामांनी नजर खाली वळवली त्यावरून कळायचं ते कळलं. उठून जावं असं त्यांना वाटलं. वर निघून जायचं म्हटलं तर ती वाटही आता बंद.

तेवढ्यात सळ्या बांधणाऱ्या दादाने डब्याचं झाकण लावलं. "माझा भाऊ गेला होता," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा लहान. तेव्हापासून मी देवाचं नाव टाकलं होतं. तो नाहीच, आणि असला तर माझा नाही, असं म्हणायचो. इथे कामाला लागलो आणि जेवायला मामांजवळ जागा मिळाली म्हणून बसलो. तर वॉकीटॉकीतून तुम्ही म्हणताय, काय ऊन पाडलंयस रे आज, पाठ कशी शेकून निघाली." तो थांबला. एवढं बोलायची त्याला सवय नव्हती. "थंडी होती. माझ्याही पाठीवर तेच ऊन पडलं होतं, काका. मला ते तोवर लागलंच नव्हतं."



"मला वाटायचं," काका हळूच म्हणाले, "तो वर असतो."

"असेल. मी कुठे वर गेलोय? शिडी दिसली की मी लांबून वळसा घालतो. मला जे मिळालं ते इथे मिळालं, या फळ्यांवर बसून." आणि तो हात झाडत उठला, कारण सुट्टी संपली होती.

ही गोष्ट इथे संपवता आली असती, आणि एखाद्याने संपवलीही असती. पण काका संध्याकाळी घरी आले ते काही उड्या मारत नव्हे. देव खाली असतो हे पटलं होतं. एवढा मोठा माणूस कशाला खोटं बोलेल? पण पटलं म्हणून भेटला असं थोडंच आहे? उलट त्यांना आता आणखीनच चुकल्यासारखं होत होतं. तो इथेच असेल आणि तरी आपल्याला त्याची सोबत लागत नसेल, तर हे तो वर राहिल्यापेक्षाही वाईट.

काकू घरापुढच्या पायरीवर मटार सोलत बसल्या होत्या. समोर पलीकडच्या घराची भिंत, मध्ये अरुंद गल्ली, आणि आकाश म्हणाल तर दोन छपरांमधून ओढलेली एक पट्टी. काका शेजारी टेकले आणि त्यांनी सगळं सांगितलं. वॉकीटॉकी, दादा, ऊन, नव्या क्रेनवालीचा पंखा, गेल्या कित्येक महिन्यांचं गप्प होणं, सगळं. दोन वाक्यांचा माणूस इतका बोलला की काकूंचे हात थांबले.

"म्हणजे तुम्हाला त्याची आठवण येते," त्या म्हणाल्या.

"फार."

"मग रडताय कशाला? इतकी वर्षं सकाळी उठून तुम्ही वर जायचात. दिवसभर मला दिसायचात का? तर मी काय म्हणायचे, नवरा हरवला?"

"काय करायचीस?"

"वाट बघायचे. आणि खरं सांगू? वाट बघताना तुम्ही इथे जेवढे असायचात, तेवढे घरी आल्यावर नसायचात. घरी आलात की पेपरात डोकं." त्यांनी एक शेंग फोडली. "तुम्ही कधी त्याची वाट बघितलीत का? रोज वर जाऊन बसायचात, तो असायचाच. ज्याची वाट कधी बघावी लागली नाही, तो आपल्याला किती हवाय हे माणसाला कळणार कसं?"

 काकूंशी बोलताना काकांची हार नेहमीचीच, पण या खेपेला त्यांना ती लागली नाही. ते गल्लीकडे बघत राहिले. कुणीतरी सायकल भिंतीला टेकवत होतं. वरच्या मजल्यावरून कुणाचं तरी हसणं येत होतं. आणि त्यांच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं त्यांनी देवाच्या कामाला दाद दिली, एकदा मुलगी मागितली, पण देवाजवळ देवाला कधी मागितलं नव्हतं. गरजच पडली नव्हती.

"ए," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पायरीपुरता होता. "मी खाली आलोय. मला तुझ्यावाचून करमत नाही. कामबिम काही नाही. नुसता ये."

 काही झालं नाही. गल्लीत उजेड तितकाच होता, शेजारच्या घरातला नळ वाहत होता. पण काकांच्या छातीत महिनोन्महिने जी पोकळी होती ती आता पोकळी वाटेना. दुखत होती ती तेवढीच, पण दुखण्याला तोंड होतं, आणि ते कुणाकडे तरी वळलेलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. त्याच वेळी त्यांना हसूही येत होतं, आणि कुठलं आवरावं हे समजत नव्हतं.

काकूंनी त्यांच्याकडे तिरकं बघितलं. "आला का?"

"आला."

"मग आता कसली रडारड?"

"पुरत नाही गं," काका म्हणाले. "आला तसा आणखी हवासा वाटायला लागलाय."

"मग बसा आणखी थोडा वेळ," काकू म्हणाल्या आणि सगळे उरलेले मटार त्यांच्या पुढ्यात ओतले. "नाहीतरी हे संपायचे आहेत."